मामांचे कान आणि धाकटीचा आवाज

अगं धाकटे,

दुर्बिणीचं काम संपलं म्हणून तुमच्या संस्थेने काढलेलं पुस्तक काल टपालाने आलं. कागद गुळगुळीत, वजन विटेएवढं. त्यात तुझा फोटो आहे, कानाला हेडफोन लावलेला, आणि खाली छापलंय, ‘शांत आणि निर्भय’. मी चष्मा पुसला आणि परत वाचलं. निर्भय! तू! रात्री फोन वाजला तर ‘हॅलो’च्या जागी ‘कोण गेलं?’ असं विचारणारी बाई निर्भय असेल, तर मी सर्कशीत दोरीवरून चालते.

छापणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी त्या दुपारी तुला पाहिलं होतं आणि दिसलं ते लिहिलं. पण तसं का दिसलं, हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. ज्या तिसऱ्या माणसाला कळायला हवं होतं, त्याला ते कुणी सांगितलंच नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून काढते. तुझी गोष्ट तुलाच ‘तू तू’ करून सांगायला बसले तर दर ओळीला ‘तसं नाही हो ताई’ म्हणशील. तेव्हा तिऱ्हाइतासारखी सांगते. तू धाकटी जाऊ, मी थोरली. गुपचूप वाच.

*

धाकटी लग्न होऊन घरात आली त्याच आठवड्यात सगळ्यांना कळलं, की ही बाई घाबरट आहे. तेही साधंसुधं नाही, अगदी पद्धतशीर. गॅस बंद केला की बटणाला हात लावून बघायचं, स्वयंपाकघरातून बाहेर यायचं, परत आत जायचं, परत हात लावायचा. कुलूप घालून जिना उतरायला लागली की अर्ध्यातून वर. बसमध्ये दाराजवळची जागा. लिफ्टमध्ये पाऊल नाही. अशा माणसामागे लोक कारण शोधतात, लहानपणी काहीतरी झालं असेल म्हणतात. काही झालं नव्हतं. कुणाचे केस कुरळे असतात, हिच्या पोटात भीती होती, एवढंच.

नवरा तिची थट्टा करायचा. “आपल्याकडे चोर आला ना, तर बिचारा आधी हिला पाणी आणून देईल.”

“न्या थट्टेवारी,” ती म्हणायची. “पण मागचं दार लावलंय का, ते एकदा बघून या.”

नोकरी मात्र अशी, की भल्याभल्यांची छाती होऊ नये. पृथ्वीभोवती फिरणारी एक अंतराळ दुर्बीण होती. जमिनीपर्यंत पोचतच नाहीत असे ताऱ्यांचे किरण ती हवेच्या वर राहून टिपायची. तिला खालून आज्ञा पाठवायचं काम धाकटीचं. इकडे वळ, तिकडे बघ, झाकण लाव, झाकण उघड. घरात सगळे त्या दुर्बिणीला ‘वरची’ म्हणायचे, जशी काही वरच्या मजल्यावरची भाडेकरू. “काय म्हणते तुमची वरची?” असं सासरे रोज जेवताना विचारायचे, आणि धाकटी अगदी गंभीरपणे सांगायची, “आज जरा तापली होती, बाबा. सावलीत वळवली तेव्हा निवली.”

वरची काही सारखी डोक्यावर नसे. फिरत फिरत ती इथल्या आकाशात यायची, थोडी मिनिटं राहायची आणि पलीकडे बुडायची. तेवढ्या मिनिटांतच तिच्याशी बोलणं व्हायचं. खोलीतली माणसं म्हणायची, ‘उगवली’ आणि ‘मावळली’. एकदा मावळली की पृथ्वीला वळसा घालून यायला तिला दीडेक तास लागे. त्या वेळात ती जिवंत आहे की नाही, हे कुणालाही ठाऊक नसायचं. धाकटी वर्षानुवर्षं असे दीड दीड तास जीव मुठीत धरून काढत होती, आणि त्याचा तिला पगार मिळत होता.

खोलीला खिडकी नव्हती. आत यंत्रांसाठी कडक गारवा आणि माणसांसाठी एकेक स्वेटर. समोर पडद्यांवर हिरव्या आकड्यांच्या रांगा. बाहेर गाड्या लावायच्या जागेपलीकडे अँटेनाची प्रचंड तबकडी होती. ती वळायला लागली की तिच्या मोटरची घरघर भिंतीतून ऐकू यायची, आणि सगळे आपापल्या खुर्चीत सरळ व्हायचे.

शेजारच्या खुर्चीत मामा. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते, सगळ्या संस्थेचे होते. तरुणपणी जहाजावर वायरलेस सांभाळायचे. वादळात, खरखरीतून, दुसऱ्या जहाजावरच्या माणसाचा एकेक शब्द वेचून काढायचा, हे त्यांचं शिक्षण. खोलीतला नियम असा होता, की आज्ञांच्या कागदाच्या दोन प्रती. एक धाकटीपुढे, एक मामांपुढे. धाकटीने ओळ मोठ्याने वाचायची. मामांनी आपल्या प्रतीवर पोलादी पट्टी सरकवत ती ओळ बघायची आणि म्हणायचं, “जुळलं.” मामांनी ‘जुळलं’ म्हटल्याशिवाय धाकटीने बटण दाबायचं नाही. वर गेलेली आज्ञा परत घेता येत नाही.

धाकटीचा आवाज वाचताना कापायचा. नेहमी नाही. ओळ सरळ असली तर मुळीच नाही, अडचणीची असली तर थोडा, आणि काही खटकलं तर शेळी बोलल्यासारखा. नवीन आलेली माणसं गालातल्या गालात हसायची. मामा कधी हसले नाहीत. पान उलटलं की धाकटी ते लगेच परत मागे उलटायची, शेवटच्या ओळीवर बोट टेकवायची आणि मग पुढे जायची. गॅसच्या बटणासारखंच.

“पान पळून नाही जात, बाई,” मामा म्हणायचे.

“पळालं तर मामा?”

“तर मी धरतो. वाच.”

अशी वर्षं गेली. मग धाकटीच्या छातीत धडधडायला लागलं. बसल्या बसल्या, भाजी निवडताना, आरशासमोर. झोप उडाली, तोंड एवढंसं झालं. थोरलीला असलं काही बघवत नाही आणि ऐकवत तर मुळीच नाही. तिने सांगितलं, “उठ. डॉक्टरकडे.”

“ताई, आणि काही निघालं तर?”

“निघालं तर कळेल. नाही निघालं तर गप्प बसशील. दोन्हीकडून माझा फायदा.”

काही निघालं नाही. डॉक्टरांनी छाती तपासली, ठोक्यांची कागदी पट्टी काढली, आणि एक छोटी गोळी लिहून दिली. तिने धडधड थांबेल, हात थरथरणार नाहीत, आवाज कापणार नाही, असं सांगितलं. “मनातली काळजी यानं जात नाही हं,” तेही म्हणाले. “शरीर तेवढं गप्प बसतं.” हे दुसरं वाक्य दोघींपैकी कुणीच नीट ऐकलं नाही.

गोळीने काय बदल झाला! धाकटी लिफ्टने वर आली. कुलूप घातलं आणि खाली उतरली ती उतरलीच. नवरा जिन्यात उभा राहून वाट बघत होता, की आता परत येईल, मग परत येईल. शेवटी त्यालाच राहवेना, त्याने वर जाऊन कुलूप ओढून पाहिलं. सासरे म्हणाले, “या घरात कुणीतरी घाबरायला हवं बुवा, नाहीतर लक्ष कोण ठेवणार?” सगळे हसले. थोरलीही हसली.

संस्थेत धाकटीने गोळीचं कुणाला सांगितलं नाही. ते लपवणं नव्हतं. आपण कसली औषधं घेतो हे कचेरीत कशाला सांगायचं, एवढाच विचार.

आणि मग ती दुपार आली.

जेवणं नुकतीच झाली होती. साहेब, म्हणजे त्या खोलीचे मुख्य, हातात दोन कागद घेऊन जवळजवळ धावत आले. कागद छपाईयंत्रातून निघालेले, अजून कोमट. कुठलासा तारा अचानक भडकला होता, आणि हा भडका किती वेळ टिकेल सांगता येत नव्हतं. वरची उगवली की तिला तातडीने तिकडे वळवायचं होतं.

“वाटेत सूर्य आहे,” साहेब म्हणाले. “अगदी समोरून नाही, पण बाजूने जाईल. आधी झाकण लावायचं, मग वळवायचं, वळून झालं की उघडायचं. सगळं लिहिलंय.”

झाकणाचं महत्त्व तिथल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं. भिंगाखाली कागद धरला की उन्हाने जळतो, तसंच ते. वरचीचा आरसा क्षीण ताऱ्यांसाठी घडवलेला. झाकण उघडं असताना त्याच्यात सूर्य शिरला असता, तर मागचे प्रकाश टिपणारे नाजूक तुकडे जळून गेले असते. वरची मग फिरत राहिली असती, पण आंधळी. दुसरी नव्हती. तिच्यावर अर्ध्या संस्थेच्या माणसांची आयुष्यं लागली होती.

तबकडी घरघरली. “उगवली,” मामा म्हणाले.

धाकटीने वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ. “जुळलं.” बटण. दुसरी. “जुळलं.” बटण. वेळ थोडा होता, आणि तिचा आवाज असा सरळ चालला होता, की तिचं तिलाच बरं वाटत होतं. पान संपत आलं. तिने ते उलटलं आणि दुसऱ्या पानावरची पहिली ओळ वाचली. वळण्याची आज्ञा.

“जुळलं,” मामा म्हणाले.

तिने बटण दाबलं. पान मागे उलटून बोट टेकवायचं तिच्या मनातही आलं नाही.

आणखी दोन ओळी गेल्या. मग कागद नीट करायला तिने सहज पान मागे घेतलं आणि पहिल्या पानाच्या तळाशी, कडेला अगदी चिकटून छापलेली शेवटची ओळ दिसली. झाकण बंद करणे.

तिने पडद्याकडे पाहिलं. तिथे लिहिलं होतं, झाकण उघडं. त्याच्या खाली वळण्याचे आकडे भराभर बदलत होते.

“मामा, झाकण,” ती म्हणाली.

मामांनी कागदाकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातली पट्टी खाली पडली. फरशीवर ती किती वेळ वाजत राहिली, हे धाकटी पुढे कितीदा सांगायची. साहेब ओरडले, “थांबवा तिला!” मामा म्हणाले, “थांबवायची आज्ञा लांब आहे. झाकणाची एका ओळीची. वाच, पोरी, वाच!” तिने वाचलं. मामांनी या वेळी ओळीवर बोट ठेवून पाहिलं, “जुळलं”, आणि तिने बटण दाबलं.

पडद्यावरचे आकडे जागच्या जागी थिजले. वरची मावळली होती.

आज्ञा पोचली की नाही? पोचली असेल तर झाकण सूर्याच्या आधी लागलं की नंतर? झाकणाची मोटर हळू होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता दीड तास काहीच कळणार नव्हतं.

साहेबांच्या शर्टाच्या पाठीवर घामाचा डाग पसरत गेला, त्या गारठ्यात. त्यांनी फोन उचलला, ठेवला, परत उचलला. मामा खाली वाकून पट्टी शोधत होते आणि ती त्यांच्या पायाशीच होती. धाकटी खुर्चीत ताठ बसली होती. हात मांडीवर, दगडासारखे स्थिर. श्वास संथ.

आणि आत? आत जे चाललं होतं ते तिने त्याच रात्री थोरलीला सांगितलं. असं वाटलं की विहिरीत पडतेय आणि तळ येत नाही. आयुष्यभर ती भीतीला ओळखत होती. भीती आली की छाती धडधडायची, हात कापायचे, घशाला कोरड पडायची, आणि या सगळ्यातून ती थोडी थोडी वाहून जायची. आज भीती आली आणि तिला जायला वाट नव्हती. छाती आपली संथ ठोके देत राहिली, जणू दुसऱ्याच कुणाची. “ताई, मी मेल्यावर असंच असेल का हो? आत सगळं कळतंय आणि अंग गप्प?”

साहेबांनी तिला तसं बसलेलं पाहिलं आणि ते जरा सावरले. “बाई, तुमच्याकडे बघून धीर येतो,” ते म्हणाले.

तिला किंचाळावंसं वाटलं. पण तोंडातून आलं ते असं, “पाणी घ्या, साहेब.” आणि तेही सुरेख, स्वच्छ आवाजात.

मामा तिला बाहेर घेऊन गेले. तबकडीसमोरच्या पायऱ्यांवर दोघं बसले. बाहेर साधी दुपार होती. गाड्यांचे टप चमकत होते. कुणीतरी शिंकलं, कुणीतरी हसलं. आणि वर सूर्य. धाकटीने त्याच्याकडे पाहायचं टाळलं, पण तो सगळीकडेच होता, काचांत, नळाच्या तोटीवर, मामांच्या चष्म्यात. तिला वाटलं, आत्ता या क्षणी हा असाच वरचीच्या डोळ्यात शिरत असेल. तिला हाक मारायला जागा नाही. आणि त्याला शिरू दिलं ते मी.

“मामा, ओळ माझ्याकडून सुटली,” ती म्हणाली.

“सुटायचीच. माणूस आहेस. म्हणून तर मी बसतो शेजारी.” मामा पट्टी हातात उलटसुलट करत होते. “मी तुला एक सांगू? रागावू नको. मी किती वर्षं झाली, कागद बघतच नाही. पट्टी सरकवतो, पण डोळे पडद्यावर. कान तुझ्यावर.”

“माझ्यावर?”

“तुझा आवाज कापला की मी कागद बघायचो. सरळ आला की जुळलं म्हणायचो. एकदाही चूक झाली नाही, पोरी. तुझ्या मनाला काही खटकलं की तुझ्या आधी तुझ्या घशाला कळायचं. कागदापेक्षा मला तो पक्का वाटायचा.” त्यांनी पट्टी गुडघ्यावर आडवी ठेवली. “आज पान उलटलंस. झाकण सोडून वळणं वाचलंस. तुझा आवाज कापला असणारच. तू आणि सूर्याशेजारून न कापता जाशील? मला ऐकूच आलं नाही. नळासारखं सरळ ऐकू आलं.” त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. “कान गेले माझे. एवढंच धन होतं, तेही गेलं.”

धाकटीने तोंड उघडलं. मामा, कान ठीक आहेत तुमचे, आवाज कापलाच नव्हता, मी गोळी घेतली होती. एवढी तीन वाक्यं. ती जिभेवर आली. पण त्यामागे दुसरं आलं. गोळी घेऊन खुर्चीत बसली होती, असं साहेबांना कळलं तर? उद्या तिला त्या खोलीत पाय ठेवू देतील? आणि वरची जर मेली असेल, तर सगळे म्हणतील गोळीनेच मारली. आधी तिला उगवू दे, मग सांगते. तिने तोंड मिटलं.

तबकडी घरघरायला लागली तेव्हा दोघं आत गेले. खोलीत आता बरीच माणसं जमली होती. उगवायची वेळ झाली. पडदा रिकामा. आणखी थोडा वेळ गेला. पडदा रिकामाच. साहेबांनी डोळे मिटून घेतले. मामांनी हेडफोन कानावर दाबून धरला होता, असा की बोटांची पेरं पांढरी झाली. धाकटीला वाटलं, मी आता उठून दारातून बाहेर जावं, घरी जाऊन गॅस बंद आहे का बघावं, आणि परत कधी इकडे येऊ नये.

मग पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा हलला. मग एक रांग.

“उगवली,” धाकटी म्हणाली. एरवी ते मामांनी म्हणायचं असायचं. त्यांना ती खरखर ऐकू आली होती, सगळ्यांच्या आधी आली होती, पण त्यांचा आता स्वतःच्या कानावर विश्वास नव्हता.

झाकण लागलेलं होतं. वरचीने स्वतःच्या बचावासाठी सगळी कामं बंद करून घेतली होती आणि ती नुसती तग धरून होती. तिला पूर्ण जागी करायला बरेच दिवस गेले. डोळा वाचला, पण पुरता नाही. सूर्याची कड क्षणभर आत शिरून गेली होती. त्यानंतरच्या प्रत्येक छायाचित्रात डाव्या बाजूला एक बारीक काळी रेघ यायची. वर्तमानपत्रात देताना ती पुसून देत. धाकटीला ती पुसलेल्या चित्रातही दिसायची.

चौकशी झाली. धाकटी म्हणाली, ओळ माझ्याकडून सुटली. मामा म्हणाले, मी न बघता जुळलं म्हटलं. दोघंही खरं बोलले. गोळीचं कुणी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. नियम बदलला. आता दुसऱ्या माणसानेही ओळ मोठ्याने वाचायची. मामांना कुणी काढलं नाही. ते आपणहून खुर्चीतून उठले.

कानाच्या डॉक्टरांकडे ते गेले होते. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम ऐकू येतंय. मामांना पटेना. “त्यांच्या यंत्राला तिचा आवाज माहीत नाही,” ते लोकांना सांगायचे. स्वतःच्या खर्चाने कानाला मशीन बसवून आणलं आणि जुन्या कागदपत्रांच्या खोलीत जाऊन बसले. तिथून लवकरच निवृत्ती घेतली.

धाकटीने गोळ्या त्याच रात्री बंद केल्या. आठवड्याभरात कुलूप, गॅस, जिना सगळं परत आलं. आवाजही कापायला लागला. शेजारी बसणारा नवीन माणूस म्हणायचा, “बाई, जरा ठाम वाचा ना.” तो तिच्या आवाजाकडे लक्ष देत नव्हता, कागदाकडे देत होता. नियमाप्रमाणे तेच बरोबर होतं. तिला मात्र त्या खोलीत आता दुप्पट भीती वाटायची.

“मामांना सांग,” थोरली म्हणायची.

“सांगणार आहे.”

“कधी? तो माणूस चांगल्या कानांवर मशीन घालून फिरतोय. मी सांगू? दोन मिनिटांचं काम.”

“नाही! तुम्ही नाही. माझं आहे ते, मीच सांगणार. पण तुम्ही बरोबर चला, ताई. मला एकटीला भीती वाटते.”

शेवटी एका रविवारी दोघी निघाल्या. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला, निळा, झाकणावर जहाजाचं चित्र असलेला. मामा जहाजावर होते, त्यांना आवडेल, हे धाकटीला सुचलं. मामांच्या इमारतीच्या फाटकाशी दोघी पोचल्या. मामा तळमजल्याच्या पडवीत कुंड्यांना पाणी घालत उभे होते. शेजारच्या बाईंनी त्यांना काहीतरी विचारलं. इतकं स्पष्ट, की रस्त्यावरून कळलं. पाणी किती वाजता येतं, एवढंच. मामांनी ते ऐकलं. ऐकल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तरी त्यांनी हात कानामागे धरला आणि म्हणाले, “परत एकदा सांगता? माझे कान बरोबर नाहीत.” बाईंनी परत विचारलं. तेव्हाच त्यांनी उत्तर दिलं.

धाकटीने थोरलीचं मनगट धरलं. तिला फाटकाच्या आड ओढलं.

“आज नको,” ती म्हणाली.

“अगं, दहा पावलांवर आहेत.”

“पुढच्या रविवारी. ताई, तुम्हाला हात जोडते. पुढच्या रविवारी नक्की.”

*

पुढच्या रविवारी तुझं डोकं दुखत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे आले. मग मी गुडघ्याने पडून होते, मग तुझी कामाची पाळी बदलली. मामा गेले त्या दिवशी तू मला फोन केलास आणि मी उचलल्यावर काही बोललीच नाहीस. मीच विचारलं, कोण गेलं?

आता या पुस्तकात तुझा फोटो मोठा आहे आणि त्यांचा लहान. तुझ्याखाली ‘निर्भय’ आणि त्यांच्याखाली, ‘श्रवणदोषामुळे लवकर निवृत्त’. दोन्ही खोटं, आणि दोन्ही छापील. ते दुरुस्त करा म्हणून संस्थेला लिहावं असं माझ्या मनात आलं होतं. पण त्यांना सांगून काय करायचंय? सांगायचं होतं ते तू, मामांना, आणि ते पडवीत, दहा पावलांवर.

तो डबा माझ्याकडेच राहिला. बिस्किटं मऊ पडायला लागली म्हणून आपण दोघींनीच चहाबरोबर संपवली, आठवतंय? तू म्हणालीस, मामांकडे जाताना नवीन घेऊ. आता त्यात मी बटणं ठेवते. झाकण जरा घट्ट बसतं.